मुराळ्याचं पायडल

"मला सायकलवरून पाडेल असा खड्डा अजून सरकारने खणला नाही," जीवराम आप्पा म्हणाले, आणि बशीतला चहा त्यांनी असा फुर्रकन ओढला की निम्मा पँटवर आला.

समोरच्या खाटेवर त्यांचे व्याही वनाआबा बसले होते. त्यांनी डागाकडे बघितलं नाही. व्याह्याच्या पँटीकडे बघायचं नसतं, एवढी रीत त्या गावात अजून शिल्लक आहे. "हाव," एवढंच ते म्हणाले.

आप्पा वरणगावहून मुराळी म्हणून आले होते. त्यांची दीपमाला लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची होती. पोरीला भाऊ नाही, म्हणून बापच न्यायला आलेला. सासर शिरपूर-चोपडा रस्त्यावर, फाट्यापासून थोडं आत. संध्याकाळची भुसावळ गाडी फाट्यावर पकडायची, त्यानंतर थेट गाडी नाही. उद्या आखाजी. तिकडे गौराई बसलेली, निंबाला झोका टांगलेला, आईने सांजोऱ्या तळून डबा भरून ठेवलेला. पोरगी तेवढी आणायची बाकी. एवढं सोपं काम नवऱ्यावर सोपवताना आप्पांच्या बायकोने देवापुढे दिवा लावला होता. ती बाई उगाच तेल जाळणारी नाही.

दीपमालाने बापाला सकाळीच स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं होतं.

"आप्पा, आईंच्या मनात मला पाठवायचं नाहीये. त्यांच्या भाच्याची हळद आहे, कामाला माणूस पाहिजे. त्या नुसत्या निमित्ताची वाट बघताहेत. तुम्ही फक्त बसा. खाट टाकतील तिथे बसा, देतील ते खा. कशाला हात लावू नका. आणि फॅक्टरी काढू नका."

"मी कुठे काढतो फॅक्टरी?"

"काल रात्री काढली. वरणाच्या फोडणीवरून."

आप्पा वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. "आम्ही फिटर माणसं" असं ते म्हणायचे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोफा उभ्या राहायच्या. खरं म्हणजे आप्पा अख्खी नोकरी टूल रूमच्या खिडकीत होते. फिटर यायचा, "सोळाचा पाना," म्हणायचा. आप्पा खुंटीवरून काढून द्यायचे. संध्याकाळी पाना परत आला की पुसून खुंटीला. कुठला पाना कुठल्या नटाला लागतो, कुठल्या स्क्रूचा आटा सुलटा, कुठल्याचा उलटा, हे त्यांना झोपेत विचारा. फिटर लोक खिडकीवर कोपर टेकून जे जे बोलले ते सगळं आप्पांना पाठ. फक्त पाना नटावर चढवून फिरवायचा प्रसंग तेवढा कधी आला नाही. पण हे गावोगाव सांगत फिरण्यासारखं नव्हतं.

आता त्या सायकलचं. वनाआबांची सायकल काळी, उंच, घंटी अजून खणखणीत. ती मूळची कमलबाईंच्या वडिलांची. कमलबाई म्हणजे आबांच्या घरच्या, दीपमालाची सासू. त्यांच्या पहिल्या आखाजीला त्यांचे वडील ह्याच सायकलवर मुराळी म्हणून आले, जावई शेतात पायी जातो हे बघितलं, आणि सायकल जावयाच्या अंगणात ठेवून लेकीला घेऊन बसने गेले. तेव्हापासून त्या घराचा रिवाज पडला: घरातली कुठलीही बाई आखाजीला माहेरी निघाली की तिची पिशवी त्या सायकलच्या कॅरिअरवर. घरातला मोठा माणूस सायकलवर पुढे, ती मागे चालत, असं फाट्यापर्यंत. पिशवी दुसऱ्या कशावरून गेलेली नाही. कुंदनची, म्हणजे दीपमालाच्या नवऱ्याची, मोटरसायकल आहे. पण ती हळदी-लग्नाला, दवाखान्याला, सिनेमाला. आखाजीला नाही. आणि आज तर तो ती घेऊन शिरपूरला ड्युटीवर गेलेला.

"मना बापनी सायकल शे ती," कमलबाई सांगायच्या आणि पदराने सीट पुसायच्या. सीटवर धूळ असो नसो.

चहा झाल्यावर वनाआबा सुनेला आखाजीची साडी आणायला शिरपूरला गेले. जाताना म्हणाले, "बठा याही. आराम करा."

आप्पा बसले. खाट बदलून बसले. मोबाइल बघितला, बॅटरी संपली. भिंतीवरच्या घड्याळाचं पेंडुलम बघितलं आणि ते जरा डावीकडे जास्त जातंय असं त्यांच्या मनात आलं. पण हात लावायचा नव्हता. आतून पुरण शिजल्याचा वास येत होता, सासू-सुनेची भांडी वाजत होती. आणि अंगणात निंबाखाली, जुन्या चादरीने झाकलेली, ती सायकल.

आप्पांनी विचार केला. पोरीने बसायला सांगितलंय. कुठे बसायचं ते खाटेपुरतंच धरलं पाहिजे असं काही नाही. सायकलवर बसणं हेही बसणंच झालं.

गल्ली उताराची होती. आप्पा निघाले तेव्हा वारा छान लागत होता. पहिल्या घराशी त्यांनी घंटी वाजवली, कारण नव्हतं. दुसऱ्या घराशी कुणी बघतंय का म्हणून मान वळवली. कुणी बघत नव्हतं. म्हणून त्यांनी पुन्हा घंटी वाजवली आणि पुन्हा मान वळवली. यावेळी बघणारी माणसं होती. ती आप्पांकडे नव्हे, आप्पांच्या पुढे बघत होती.

पुढे खाट होती. खाटेवर ओल्या लुगड्यावर सितारा चाचीने ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. नुकत्याच थापलेल्या, ओल्या, गोल गोल.

सायकलचं डावं पायडल खाटेच्या पायाला लागलं. सायकल जागेवर थांबली. आप्पांना थांबायला थोडा वेळ लागला. ते बिबड्यांवर उतरले, खाट त्यांच्यावर उतरली आणि सगळ्यात शेवटी घंटी आपोआप एकदा वाजली.

सितारा चाची बाहेर आली. तिने कंबरेवर हात ठेवून सगळं बघितलं.

"पाव्हणे, लागलं का कुठे?"

"नाही, नाही. काही नाही."

"मग उठा. माझ्या बिबड्यांना लागलंय."

आप्पा उठले. चष्म्याच्या एका काचेवर बिबडी बसली होती, ती त्यांनी रुमालाने पुसली. त्यामुळे ती दुसऱ्या काचेवरही पसरली. "कमलबाईंना सांगू नका," ते हळूच म्हणाले.

"मी कशाला सांगू? अख्ख्या गल्लीने बघितलंय, त्यातलं कुणीतरी सांगेल."

आप्पांनी कपडे झटकले. पडल्याची लाज वेगळी. ती कपडे झटकले की निम्मी जाते. पण "तुम्ही फक्त बसा" म्हणताना पोरीने दाराच्या कडीशी चाळा केला होता, तो त्यांना आत्ता दिसत होता. ती लहानपणी मार्क कमी पडले की असाच चाळा करायची. आणि आता बाप काय मार्क पाडणार ह्याची तिला भीती होती.

त्यांनी सायकल उभी केली आणि ढकलली. मागे घेताना पायडल फिरलं आणि 'टक' असा आवाज आला. पुन्हा फिरवलं. टक.

सितारा चाचीच्या घराला लागूनच तिच्या मुलाचं दुकान होतं. साकिब वेल्डिंगचं काम करायचा: गेट, ट्रॉली, कूलरचं स्टँड, मोडलेली खुर्ची. गावात सायकलचा मिस्त्री आता राहिला नव्हता, कारण सायकलीच राहिल्या नव्हत्या. साकिब डोळ्यांवरचा काळा चष्मा वर करून बाहेर आला.

"चाचा, काय झालं?"

आता इथे आप्पांना सांगता आलं असतं की वाकलं बाबा काहीतरी, तू बघ. पण माणूस पडला की त्याला कुठेतरी उभं राहावंसं वाटतं. आप्पांनी फॅक्टरी काढली.

"बघ, आवाज फेऱ्याला एकदाच येतो. म्हणजे बेअरिंगचे छर्रे बिघडलेले नाहीत. ते बिघडले असते तर करकर झाली असती. आता हे दोन दांडे, ज्यांना पायडल लागतं, ह्यांना क्रँक म्हणतात. दोन्ही धरून हलव. मधला कणा खेळतो? नाही. म्हणजे कणा शाबूत. आता हे डावं पायडल नुसतं बोटाने फिरव. टोक डुलतं बघ. म्हणजे पायडलची दांडी वाकली. आणि क्रँक चौकटीला घासतो तिथे टक होतं. म्हणजे क्रँकही आत वाकला. पायडल काढायचं, क्रँक काढायचा, सरळ करायचा, बसवायचा."

हे सगळं बरोबर होतं. ज्या कुठल्या फिटरने खिडकीवर कोपर टेकून हे सांगितलं होतं, तो चांगला कारागीर असणार.

"वा चाचा," साकिब म्हणाला. "मग करूया?"

आप्पांनी सायकल उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आभाळाकडे. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि बोट वर केलं.

"डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. लोकांना हे माहीत नसतं. लोक सुलटं फिरवतात आणि पायडल अजून घट्ट करून ठेवतात. फॅक्टरीत आम्ही..."

"पाना कितीचा देऊ?"

"पंधराचा," आप्पा तत्काळ म्हणाले. ह्या बाबतीत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

मग आप्पा सायकलच्या डाव्या अंगाला गेले. मागच्या चाकाशी उभं राहून पुढे बघितलं की जे डावं, ते डावं. सायकल पालथी घातली की तिचं डावं उजवीकडे जातं, हे पोरालाही कळेल. पण ते खिडकीवर कुणी बोललं नव्हतं, कारण फॅक्टरीत सायकली पालथ्या घालत नसत.

पाना लागला. हलेना. साकिबने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. आप्पांनी उलट्या बाजूने जोर लावला. लुंगीवाला एक शेजारीही येऊन लोंबला.

"निघतंय," आप्पा दात आवळून म्हणाले. "निघतंय, निघतंय..."

कर्र झालं आणि पाइप एकदम हलका झाला. आप्पा पाइपसकट खाली बसले.

"बघ! उलटा आटा!"

साकिबने वाकून बघितलं. पायडल भोकात गरगर फिरत होतं, पण बाहेर येत नव्हतं. भोकातून चुरा गळत होता. मग त्याने सायकलच्या पलीकडे बघितलं.

"चाचा, वाकलेलं पायडल तर तिकडे आहे."

आप्पांनी चष्मा काढला. पुसला. घातला. समोर चेन होती. चेन सायकलच्या उजव्या बाजूला असते. हेही त्यांना पाठ होतं.

"तू मघाशी का नाही बोललास?"

"मला वाटलं फॅक्टरीत असंच करतात."

सितारा चाची खाटेवर उरलेल्या बिबड्या सरळ करत होती. ती हसली नाही. तिने लुगड्याचा पदर तोंडात घातला.

आप्पांना वाटलं, आत्ता पायी फाट्यावर जावं आणि मिळेल त्या गाडीत बसावं. पण मुराळी पोरीला घेतल्याशिवाय परत जात नाही. गेला तर गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगतं. ते मान खाली घालून म्हणाले, "आता ते खरं डावं काढ."

ते निघालं. साकिबने काढलं म्हणून निघालं. दांडी ऐरणीवर ठोकून बऱ्यापैकी सरळही झाली. आता क्रँक. क्रँक कण्याला एका तिरक्या खिळीने धरलेला असतो, तिला कॉटर पिन म्हणतात. तिच्यावर हळू टपली मारायची असते. आप्पांची लाज तेव्हा हातात उतरली होती. त्यांनी घण घेतला. पहिल्याच घावात पिनेचं टोक चेपून टोपीसारखं झालं, दुसऱ्यात ती वाकून बसली, आणि तिसरा घाव साकिबने हात धरून थांबवला.

"चाचा, बसा तुम्ही."

आज सकाळपासून आप्पांना हे तिसऱ्यांदा कुणी सांगत होतं.

साकिबने ग्राइंडरने पिन कापली. ठिणग्या उडाल्या. क्रँक सुटला. भट्टीत लाल करून त्याने तो शिकंज्यात सरळ केला. नवी पिन गावात नव्हती. शिरपूरला मिळाली असती. शिरपूरला वनाआबा होते.

"आबांना फोन करून आणायला सांगू?" साकिबने विचारलं.

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने फोन परत खिशात ठेवला.

"मग वेल्डिंग," साकिबचा चेहरा उजळला. ह्या वाक्यापाशी येईपर्यंत त्याने फार संयम धरला होता. "डाव्या क्रँकला एक टाका, उजव्या पायडलला एक टाका. कयामतपर्यंत सुटणार नाही. पण पटकन सांगा, लाईट जायची वेळ झाली."

"मार," आप्पा म्हणाले.

सायकल उलटीच होती. डावा क्रँक कण्यावर सैल लोंबत होता. लोंबणारी वस्तू खाली लोंबते. उजवा क्रँकही आपल्या वजनाने खाली बघत होता. साकिबने चष्मा खाली ओढला. आप्पांनी डोळे मिटले, कारण ठिणगीकडे बघायचं नसतं. निळा उजेड झाला, चर्र झालं, आणि त्याच क्षणी लाईट गेली. काम झालेलं होतं. साकिबने वरून काळा रंग फासला.

आप्पा सायकल हातात धरून घरी गेले. चालवली नाही. दोन्ही पायडलं खाली मान घालून शहाण्या पोरांसारखी सोबत आली. आता टक होत नव्हतं. आप्पांना ह्या शांततेचं इतकं बरं वाटलं की त्यांनी ती पायडलं नीट बघितलीच नाहीत. सायकल निंबाखाली लावली, चादर घातली, आणि खाटेवर जाऊन बसले.

दीपमाला पाणी घेऊन आली. तिने बापाच्या हाताकडे बघितलं. काळे हात.

"आप्पा?"

"बसलोय मी," आप्पा म्हणाले.

वनाआबा साडी घेऊन आले. साडी मोरपंखी होती. कमलबाईंनी ती दोनदा उलगडून बघितली, तोंड वाकडं केलं, पण सुनेची ओटी भरली. शेजारपाजारच्या बाया जमल्या. दीपमालाने नवी साडी नेसून सगळ्यांना वाकून नमस्कार केले. तिचा चेहरा असा फुलला होता की आप्पांना वाटलं, सुटलो. पोरगी घरी चालली. बाकी सगळं वेल्डिंगखाली झाकलं गेलं.

आबांनी पिशवी उंबऱ्याबाहेर आणून कॅरिअरला बांधली. सायकल पुढे, सून मागे. आबांनी जुन्या पद्धतीने डावा पाय डाव्या पायडलवर ठेवला, दोन टांगा मारल्या आणि उजवा पाय ऐटीत पलीकडे टाकला.

उजवं पायडल वर असायला हवं होतं. ते वर नव्हतं. आबांचा पाय हवेत गेला, पायडल शोधत खाली, अजून खाली गेला आणि तळाशी सापडलं तेव्हा तिथे दोन्ही पाय शेजारी शेजारी उभे होते. आबांनी दाबलं. दाबायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी डावीकडे वाकून बघितलं, उजवीकडे वाकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. तेवढ्यात सायकलचा वेग संपला.

सायकल सावकाश, अगदी अदबीने, डावीकडे कलली. डावीकडे गुरांना पाणी पाजायचा हाळ होता. वनाआबा हाळात बसले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. टोपी मात्र डोक्यावर राहिली.

कुणी हसलं नाही. तेच फार वाईट होतं. हसणं पोटात दाबलं की अंगणात एक वेगळाच आवाज येतो, तो सगळीकडून येत होता. शेवटी शेजारच्या ओट्यावरचे सुपडू नाना म्हणाले, "वना, म्हशी तरी पाणी पेवाले ऱ्हाऊ दे!" मग मात्र अंगण फुटलं.

कमलबाई हसल्या नाहीत. त्या सायकलपाशी गेल्या. वाकून दोन्ही पायडलं बघितली. काळा रंग बोटाला लागला, तो बघितला. मग त्या आप्पांच्या मागे गेल्या आणि त्यांच्या पाठीवरून काहीतरी सोलून काढलं. दुपारपासून तिथे वाळत असलेली, अख्खी, गोल, आता चांगली कडक झालेली.

"हाई सितारानी बिबडी शे," त्या म्हणाल्या.

आप्पांना वाटलं जमीन फाटावी. जमीन फाटली नाही. भेगा शेताला पडतात, सारवलेल्या अंगणाला नाही.

"मी... डावं पायडल... आटा उलटा असतो ना, म्हणून," आप्पा म्हणाले. मग त्यांनाच कळलं की हे वाक्य पुढे कुठे जात नाही. ते खाली बघून म्हणाले, "माझ्या हातून मोडली, विहीणबाई. तुमच्या वडलांची होती."

कमलबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी सुनेकडे बघितलं. "ऱ्हाऊ द्या मंग हाई आखाजी. सायकलशिवाय कोणीच जायेल नही आम्हना घरमातून."

दीपमालाने नव्या साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळला. कडी नव्हती तिथे.

"थांबा वं," हाळातून आवाज आला. वनाआबा अजून पाण्यातच होते, बहुतेक विचार करायला ती जागा त्यांना बरी वाटली असावी. "पिशवी उंबराना भाईर पडनी. आते ती मांगे घरमा येवाव नही. पोरगी जाई." मग त्यांनी आप्पांकडे बघितलं, आणि इतक्या आदराने बोलले की आप्पांना त्यापेक्षा शिवी चालली असती. "आणि सायकलवरच जाई. याही, तुम्हीच चालाडा. फॅक्टरीना माणूस शेतस ना तुम्ही."

आप्पा सायकलवर चढले.

दोन्ही पायडलं एकाच बाजूला असलेली सायकल चालवता येते. एवढंच की ती चालवणाऱ्याकडे कुणी बघू नये. दोन्ही पायांनी एकदम दाबायचं, सायकल एक उडी मारते. मग दोन्ही पंजे पायडलांच्या खाली घालून ती मागून पुन्हा वर उचलायची, गुडघे हनुवटीशी येतात. मग पुन्हा दाबायचं. आप्पा असे उड्या मारत गल्लीतून निघाले. कॅरिअरवर पिशवी दर उडीला थपकन वाजत होती. मागे दीपमाला, मोरपंखी साडीत, मान खाली. तिच्यामागे बऱ्याच अंतरावर आबा, ओल्या धोतरात, खरचटलेला गुडघा धरून लंगडत.

"हाई सायकल शे का बेडूक शे?" सुपडू नाना ओट्यावरून ओरडले.

साकिब दुकानाबाहेर उभा होता. त्याने सायकल बघितली, कपाळाला हात लावला आणि आत गेला. सितारा चाचीने खाट आधीच रस्त्यावरून उचलून घेतली होती.

आप्पांनी खिशातला मोठा रुमाल काढून डोक्यावरून असा बांधला की डोळे तेवढे उघडे राहिले. तरी लोक "राम राम, वरणगावकर" म्हणत होते. मागे पोरीची चप्पल वाजत होती, तो आवाज त्यांना सगळ्यात जास्त लागत होता. ती एकदाही रागावली नव्हती. एकदाच तिने हळू विचारलं होतं, "आप्पा, दम लागला का?" त्यापेक्षा तिने चप्पल काढून मारली असती तर बरं झालं असतं.

फाटा आला तेव्हा भुसावळ गाडी येऊन उभी होती. आखाजीची गर्दी, दाराशी लोंबकळणारी माणसं. सायकलचं स्टँड हाळावर आपटून मोडलं होतं, ती कुठे टेकवायची सोय नव्हती.

"तू सायकल धर," आप्पा रुमालातून म्हणाले. "आबा आले की त्यांच्या हातात दे आणि ये. मी जागा धरतो."

त्यांनी पिशवी उचलली, कोपरं मारत आत घुसले, आणि आश्चर्य म्हणजे खिडकीची जागा मिळाली. त्यांनी शेजारी पिशवी ठेवली, "माणूस आहे, माणूस आहे," असं दोघांना सांगितलं, आणि खिडकीच्या बाजूने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर पानटपरी होती. टपरीवर गल्लीतले दोघे होते. ते आप्पांकडे बघून पायडल मारल्याची नक्कल करत होते, दोन्ही पाय एकदम.

आप्पांनी रुमाल डोळ्यांवरही ओढला आणि मान छातीत घातली. आत अंधार होता, बरं वाटत होतं. घंटी वाजली, गाडी हलली, कुणीतरी शेजारून रेटलं. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. काय तोंडाने बघायचं पोरीकडे? वरणगाव येईपर्यंत तिने बोलू नये, आणि आपणही नाही, असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्यावर झोका आहे, आई आहे, मैत्रिणी आहेत, तिला हसू येईल. मग हळूच माफी मागू.

गावं मागे पडली. कंडक्टर पंच वाजवत आला.

"तिकीट."

"दोन भुसावळ," आप्पा रुमालातूनच म्हणाले. "एक फुल, एक लेडीज."

"लेडीज कुठंय?"

आप्पांनी रुमाल काढला. शेजारच्या जागेवर पिशवी होती. पिशवीत दीपमालाचा फोन वाजत होता.